रेजिया पेअरफेक्ट: जुळे मोजे विणण्याचा जर्मन धागा

रंगीत पट्ट्यांचा मोज्यांचा धागा घेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली. पहिला मोजा सुरेख उतरतो. दुसरा त्याच गुंड्यातला, तितक्याच टाक्यांचा, पण शेजारी ठेवला की सख्खा सोडा, चुलतभाऊही वाटत नाही. एकाची कड निळी, दुसऱ्याची मोहरी, आणि पट्टे घोट्यापासून चवड्यापर्यंत कुठेही जुळत नाहीत. शाखनमायर या जर्मन ब्रँडच्या रेजिया मालिकेतला पेअरफेक्ट हा धागा नेमका या दुखण्यावर काढलेला इलाज आहे. तो लागू पडतो का? पडतो, पण अर्धाच. उरलेला अर्धा विणणाऱ्याच्या हातात राहतो, आणि त्यातला मोठा भाग टाचेपाशी ठरतो.

आधी धागा कसा आहे ते. ७५ टक्के सुपरवॉश, म्हणजे मशीनमध्ये धुता येणारी लोकर आणि २५ टक्के पॉलिअमाइड, म्हणजे आपलं नायलॉन. चार पदरी, घट्ट पिळाचा, १०० ग्रॅमला ४२० मीटर. लेबलवर १० सेंटिमीटरला ३० टाके आणि ४२ ओळी असं माप असतं, सुई २ ते ३ मिलिमीटरची. मध्यम हाताला २.५ ची सुई बरोबर बसते. सैल हात असेल तर २.२५ वर उतरावं. मोज्यांच्या जर्मन धाग्यांत हे ७५-२५ चं प्रमाण बहुतेक ठिकाणी दिसतं. नुसती मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची तलम लोकर, कितीही मऊ असली तरी बुटात टाच आणि चवड्याखालची जागा घासून विरते. नायलॉन ती झीज लांबवतं, लोकर घाम शोषून घेते आणि ताणल्यावर परत जागेवर येते. हाताला हा धागा सुरुवातीला किंचित भरड लागतो. दोन-तीन धुण्यांनंतर नरमतो, पण मेरिनोचा मऊपणा त्याला कधीच येत नाही. गळ्याशी लोकर टोचणाऱ्यांनी याच्या मफलरीच्या भानगडीत पडू नये. पायाला मात्र चालतो.

पेअरफेक्टची करामत पिवळ्या धाग्यात आहे. गुंड्याचं टोक ओढलं की आधी एकरंगी पिवळा धागा येतो. तो संपेपर्यंत ओढायचा, संपला तिथे कापायचा आणि तिथून टाके घालायचे. पहिला मोजा झाला की धागा तोडून पुढचा पिवळा तुकडा येईपर्यंत ओढत राहायचं, तोही कापून टाकायचा आणि दुसरा मोजा तिथून सुरू करायचा. दोन्ही ठिकाणी रंगांची छपाई एकाच बिंदूपासून चालू होते. आर्ने आणि कार्लोस या नॉर्वेत राहणाऱ्या जोडीने रंगसंगती केलेले गुंडे यात सगळ्यात देखणे आहेत. बारीक ठिपक्यांचे आणि रुंद पट्ट्यांचे भाग आलटून पालटून येतात आणि लांबून पाहिलं तर दोन रंगांनी नक्षी विणल्यासारखं वाटतं.

या सोयीला एक मर्यादा आहे. पहिला मोजा दुसऱ्या पिवळ्या तुकड्याच्या आत संपायलाच हवा. युरोपीय ३८ नंबरच्या पायाला, १५ सेंटिमीटर नळी (टाचेच्या वरचा भाग) धरून, पूर्ण जोडीला ६० ते ७० ग्रॅम लागतात, त्यामुळे प्रश्न येत नाही. ४४-४५ नंबरच्या पायाला उंच नळी करायची असेल तर टाचेपर्यंत आल्यावर गुंडा वजनकाट्यावर ठेवून पाहावा. एका मोज्याला ४५ ग्रॅमच्या वर जाणार असं दिसलं तर नळी दोन सेंटिमीटर उसवून आखूड करावी, नाहीतर टाच आणि चवड्याचं टोक दुसऱ्या एकरंगी धाग्याने विणावं.

आता लेबलवर न लिहिलेल्या गोष्टी. दुहेरी धाग्याने टाके घालताना सुरुवातीला जी शेपूट सोडतो ती छपाईतूनच खर्च होते. ६० टाक्यांना ८० ते ९० सेंटिमीटर शेपूट लागते. पहिल्या मोज्याला अंदाजाने सव्वा मीटर सोडली आणि दुसऱ्याला ८० सेंटिमीटर, तर दोन्ही मोजे पहिल्याच फेरीला पाऊण फेरीने मागेपुढे होतात. शेपूट टेपने मोजावी आणि दोन्हीकडे तेवढीच ठेवावी. दुसरी गोष्ट हाताच्या ताणाची. ६० टाक्यांच्या एका फेरीला साधारण ६५ सेंटिमीटर धागा जातो. दुसऱ्या मोज्याला हात थोडा सैल पडून ६६ सेंटिमीटर जायला लागला, तर १५० फेऱ्यांत दीड मीटरचा फरक पडतो, म्हणजे पट्टे दोन फेऱ्यांहून जास्त सरकतात. म्हणून एक मोजा लाकडी सुयांवर आणि दुसरा धातूच्या सुयांवर असं करू नये, आणि पहिला दिवाळीत नि दुसरा होळीला असंही करू नये.

हाच ६५ सेंटिमीटरचा हिशोब पट्ट्यांची रुंदी सांगतो. एखादा रंग पाच मीटर चालत असेल तर ६० टाक्यांवर त्याच्या सात-आठ फेऱ्या होतात, म्हणजे पावणेदोन ते दोन सेंटिमीटरचा पट्टा. ७२ टाक्यांवर तोच रंग साडेसहा फेऱ्यांत संपतो. बाळाच्या ४४ टाक्यांच्या मोज्यावर साडेदहा फेऱ्या चालतो, आणि एवढ्याशा पावलावर असे थोडेच पट्टे मावतात. लेबलवरच्या चित्रातली नक्षी मोठ्या माणसाच्या मोज्याची असते. बारक्या मोज्यावर ती तशी उतरत नाही, आणि ठिपक्यांचे भाग तर हमखास विस्कटतात.

छापील धाग्यावर नक्षीची विण घालू नये, हे माझं ठाम मत. उलट टाक्यांपाशी रंग बदलला की आधीच्या रंगाचे ठिपके वर दिसतात आणि पट्ट्याची कड तुटते. जाळी आणि पेड तर रंगांच्या गर्दीत दिसतही नाहीत. मेहनत पुरी, फळ शून्य. कडेला दोन सुलट, दोन उलट अशा १६ ते २० फेऱ्या घालाव्यात आणि पुढे सगळं सुलट विणावं.

टाचेचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडे शिकवली जाते ती पट्टीची टाच: ६० पैकी ३० टाक्यांवर ३० ओळींची पट्टी, मग टाच वळवायची, मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून टाके उचलून पुन्हा गोल विणायचं. एकरंगी धाग्याला ही उत्तम. छापील धाग्यावर ती तीन ठिकाणी घात करते. पट्टी ३० टाक्यांचीच असल्याने एका ओळीला निम्माच धागा लागतो, त्यामुळे सात-आठ फेऱ्यांचा पट्टा तिथे पंधरा-सोळा ओळींचा होतो. पट्टी आणि वळण मिळून दहा-बारा मीटर धागा फक्त टाचेत जातो, म्हणून पावलाच्या वरच्या बाजूला जो रंग थांबला होता त्याच्या पुढे भलताच रंग येऊन बसतो. आणि कडांवरून टाके उचलल्यावर काही फेऱ्या ८० टाक्यांच्या होतात, तिथे पट्टे अचानक बारीक होतात. दोन्ही मोज्यांत हे सारखंच घडतं, त्यामुळे जोडी जुळते. पण घोट्यापासून पंज्यापर्यंत सलग वाहणारे पट्टे ज्यांना हवे आहेत त्यांची निराशा होते.

यावर उपाय म्हणजे मागाहून घातलेली टाच. टाचेच्या जागी आलं की ३० टाके वेगळ्या रंगाच्या टाकाऊ धाग्याने विणायचे, ते तसेच डाव्या सुईवर परत सरकवायचे, आणि मुख्य धाग्याने पुन्हा विणून पुढे जायचं. मोजा सरळ नळीसारखा चवड्यापर्यंत विणून बंद करायचा. टाकाऊ धागा गुळगुळीत सुती असावा; केसाळ ॲक्रिलिक निघता निघत नाही आणि लोकरीत त्याचे तंतू अडकतात. मग त्या धाग्याच्या खालच्या ओळीतले ३० टाके एका सुईवर आणि वरच्या ओळीतले ३० दुसऱ्या सुईवर उचलायचे, प्रत्येक टाक्याची उजवी बाजू घेऊन. आधी उचलायचं आणि मगच टाकाऊ धागा काढायचा. उलट क्रमाने केलं तर टाके निसटून खाली धावतात.

दोन्ही कोपऱ्यांत भोक पडतं. तिथे एकेक जादा टाका उचलून पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर जोडीने विणला की ते बुजतं. नंतर एक फेरी साधी, एका फेरीत चार टाके कमी, असं २० टाके उरेपर्यंत चालवायचं आणि ते २० टाके शिवणाच्या सुईने समोरासमोर जोडून टाकायचे. या टाचेची खोली २० फेऱ्यांत पावणेपाच सेंटिमीटर होते. ही लांबी पावलात धरावी लागते. २४.५ सेंटिमीटरच्या पावलाला मोजा २३.५ चा हवा, कारण लोकर ताणते. त्यातून टाचेचे पावणेपाच आणि टोकाचे साडेचार वजा केले की टाकाऊ धाग्यापासून चवड्याच्या घटीपर्यंत, म्हणजे टोकासाठी टाके कमी करायला लागतो तिथपर्यंत, १४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ६० फेऱ्या सरळ विणायच्या. ज्यांचा मोजा पायात गेल्यावर टाच घोट्याकडे चढते, त्यांनी बहुधा ही वजाबाकी केलेली नसते.

या टाचेचा दोष असा की उंच पावलाला ती वरून आवळते. त्यावर ३० ऐवजी ३४ टाके टाचेला द्यावेत आणि घट सुरू करण्याआधी दोन फेऱ्या साध्या घालाव्यात. तरीही आवळत असेल तर रंगांचा हट्ट सोडून पट्टीच्या टाचेवर यावं. जाड बुटात रोज वापरायच्या मोज्यांनाही एक टाका न विणता नुसता सरकवून एक विणलेली दुपदरी पट्टीच जास्त टिकते. मागाहून घातलेल्या टाचेचा फायदा वेगळाच: विरली तर तेवढीच उसवून नवी घालता येते. दोन्ही टाचांना मिळून जेमतेम १८ मीटर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत धागा लागतो. तो पेअरफेक्टच्या उरलेल्या भागातून घेऊ नये, दोन टाचांचे रंग वेगळे होतात. गुंड्यातल्या एखाद्या रंगाशी जुळणारा एकरंगी मोज्यांचा धागा ठेवावा.

टाक्यांची संख्या ३६ ते ३९ नंबरला ६०, ४० ते ४३ ला ६४, ४४-४५ ला ६८. भारतीय पाय पुढे रुंद असतो अशी समजूत ऐकून थेट ७२ टाके घालू नयेत. चवड्याचा घेर टेपने मोजावा, त्यातून दहा टक्के कमी करावा आणि सेंटिमीटरला तीनने गुणावं. घेर २२ असेल तर २० गुणिले ३, साठ. सैल मोजा बुटात गोळा होतो आणि तिथेच आधी विरतो. कड घट्ट होऊन टाचेवरून चढत नसेल तर टाके घालतानाच ३ मिलिमीटरची सुई घ्यावी आणि पहिल्या फेरीपासून २.५ वर यावं.

सुयांबद्दल फार लिहायला नको. निटप्रोच्या १५ किंवा २० सेंटिमीटरच्या पाच सुयांचा संच भारतातच तयार होतो आणि सहज मिळतो. एका सुईवरून दुसरीवर जाताना टाक्यांची शिडी पडते ती टाळण्यासाठी नवीन सुईवरचा पहिला टाका नुसता विणून दुसऱ्या टाक्यानंतर धागा ओढावा. पहिलाच टाका आवळला तर तो दुसऱ्या टाक्याबरोबर पुन्हा सैल होतो. ८० सेंटिमीटरच्या एका गोल सुईवर वायर ओढून विणणाऱ्यांनाही तोच नियम. २३ सेंटिमीटरची छोटी गोल सुई वेगवान असते, पण तिच्या आखूड टोकांनी मनगटं दुखतात, आणि टाचेसाठी शेवटी पाच सुया काढाव्याच लागतात.

पेअरफेक्ट नको असेल तर? ओपल हा दुसरा जर्मन धागा त्याच ७५-२५ प्रमाणाचा, १०० ग्रॅमला ४२५ मीटर. रंगांच्या वैविध्यात तो मला रेजियापेक्षा उजवा वाटतो. सुरुवातीचा बिंदू मात्र डोळ्यांनी शोधावा लागतो: पहिल्या मोज्याचं पहिलं ठळक रंगबदलाचं ठिकाण लक्षात ठेवायचं आणि दुसऱ्यासाठी तेच येईपर्यंत धागा उलगडायचा. इथे एक फसगत नेहमी होते. दोन्ही मोजे एकदम विणायचे म्हणून एक टोक गुंड्याच्या आतून आणि एक बाहेरून घेतलं, की दुसऱ्या मोज्यात रंगांचा क्रम उलटा येतो. अर्धा धागा वजनावर वेगळा गुंडाळला तरी तोच प्रकार, कारण गुंडाळताना दिशा पालटते. तो अर्धा पुन्हा एकदा गुंडाळावा म्हणजे क्रम सरळ होतो. कोणत्याही गुंड्यात मध्येच गाठ निघू शकते आणि गाठीपलीकडचा रंग क्रमाने येईलच असं नाही. गाठ दिसली की पुढचा धागा योग्य रंग येईपर्यंत उलगडून मगच जोडावा.

लांग यारन्स या स्विस कंपनीच्या याव्होल धाग्यात ५० ग्रॅमच्या गुंड्याबरोबर त्याच रंगाच्या बारीक मजबुतीच्या धाग्याची छोटी रीळ येते. टाच आणि टोक विणताना तो सोबत धरायचा. एकरंगी मोज्यांना यापेक्षा सोयीचं काही नाही. उरुग्वेच्या मालाब्रिगो सॉकचे हाताने रंगवलेले रंग बघत राहावेत असे, पण ती शंभर टक्के मेरिनो. घरात घालायचे मोजे आणि बाळासाठी सुंदर. रोजच्या बुटात तिच्याकडून टिकाऊपणाची अपेक्षा ठेवू नये.

धुणं सोपं आहे. सुपरवॉश लोकरीवरचे खवले प्रक्रियेने झाकलेले असतात, त्यामुळे ती आटून नमद्यासारखी होत नाही. मशीनमध्ये लोकरीच्या चक्रावर ४० अंशांपर्यंत, मोजे उलटे करून. इझीसारखा लोकरीचा साबण पुरतो, सॉफ्टनर घालू नये. ओला मोजा लांबतो, घाबरू नये, वाळल्यावर जागेवर येतो. सावलीत वाळवावा. सुपरवॉश असली तरी कसर लागायची ती लागतेच. पावसाळ्यापूर्वी धुऊन, पूर्ण कोरडे करून, बंद पिशवीत ठेवलेले मोजे डांबराच्या गोळ्यांपेक्षा जास्त सुरक्षित राहतात.

किंमत ही खरी अडचण. पुण्या-मुंबईच्या लोकरीच्या दुकानांत बहुतेक माल ॲक्रिलिकचा असतो. त्याचे मोजे पहिल्या दिवशी छान बसतात, आठवड्यात ढिले पडतात आणि पायाला घाम सुटतो. आपली दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, मोज्याला फार भरड. म्हणून हा धागा बहुधा परदेशातूनच मागवावा लागतो, आणि टपाल नि सीमाशुल्क धरून भाव चांगलाच चढतो. जर्मनीत, इंग्लंडमध्ये नातेवाईक असतील तर त्यांच्या येत्या फेरीत दोन गुंडे मागवणं शहाणपणाचं. वजन काही फार नाही. मागवताना चार पदरी आणि १०० ग्रॅमचाच गुंडा सांगावा. सहा पदरी धागा बराच जाड, ५० ग्रॅमला सव्वाशे मीटरचा असतो, आणि वरचं एकही माप त्याला लागू होत नाही. पेअरफेक्ट नसलेल्या छापील धाग्याचे ५० ग्रॅमचे दोन गुंडे घेतले तर दोन्हींची सुरुवात वेगळ्या रंगात होते आणि रंगाचा लॉटही (एकाच वेळी रंगवलेला माल) जुळवावा लागतो.

जोडी झाल्यावर ३० ते ४० ग्रॅम उरतात. एका वर्षाच्या आतल्या बाळाचे मोजे ४४ टाक्यांवर २० ग्रॅममध्ये होतात. ५६ टाक्यांचे, बोटं उघडी राहणारे हातमोजे ३५ ग्रॅममध्ये बसतात, फक्त नळी आखूड ठेवावी लागते. आणि दहा-दहा ग्रॅमचे तुकडे साठले असतील तर ३१ टाके घालून, एकाआड एक ओळीला मधल्या तीन टाक्यांचा एक करत, पाच सेंटिमीटरचे चौकोन विणावेत. एकाला एक-दीड ग्रॅम पुरतो, पुढचा चौकोन आधीच्याच्या कडेवरून टाके उचलून सुरू करता येतो, आणि शिवणकाम राहत नाही.

चपलेत घालायचे अंगठ्याचे मोजे हा मात्र या धाग्याचा आपल्याकडचा खरा उपयोग. नाशिकच्या थंडीत किंवा महाबळेश्वरला घरात-अंगणात वावरताना बूट कोण घालतं? ६० टाक्यांच्या मोज्यात अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत सरळ विणावं. तिथे अंगठ्याचे वरचे ९ आणि खालचे ९ टाके दोऱ्यावर काढून ठेवावेत, बेचक्यात ४ नवे टाके घालावेत आणि उरलेल्या ४६ टाक्यांवर आधी चार बोटांचा भाग पूर्ण करावा, म्हणजे पट्टे खंड न पडता पुढे जातात. अंगठ्याला दोऱ्यावरचे १८ आणि बेचक्यातून उचललेले ४ असे २२ टाके. त्याच्या फेरीला २४ सेंटिमीटरच धागा लागतो, पाच मीटरचा रंग वीस फेऱ्या पुरतो, त्यामुळे अंगठा अख्खा एकाच रंगाचा होतो. तो रंग नशिबावर न सोडता उरलेल्या गुंड्यातून हवा तो तुकडा निवडून घ्यावा, दोन्ही अंगठ्यांना एकच. चपलेच्या पट्ट्याखाली बेचक्यातले ते चार टाके सगळ्यात आधी झिजतात, म्हणून अंगठ्याचं सुरुवातीचं टोक शिवताना आतल्या बाजूने त्यांच्यावर धाग्याचे दोन फेरे फिरवावेत आणि वरून आवळू नयेत.